पकडलेल्या गलबताची चाकरी

ही हकीकत सांगून सांगून मला आता कंटाळा आला आहे. मी बोरिवलीतल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगचं काम करतो. वर चढलो, गोणपाट अंथरलं आणि भेगा खरवडायला बसलो, की तासाभरात कुणीतरी चहा घेऊन वर येतं. चहा हे निमित्त. खरं म्हणजे सेक्रेटरीनं खाली सांगून ठेवलेलं असतं, की ज्याचं जहाज पकडलं होतं ना, तोच हा माणूस. मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. "चाचे होते का हो? सोमालियाचे?" चाचे नव्हते म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "मारलं का?" थोडंफार. "जेवायला काय द्यायचे?" काही नाही, आम्हीच रांधायचो. एका काकांनी तर मोबाईल समोर धरला आणि म्हणाले, "थोडक्यात सांगा, दोन मिनिटांत." दोन मिनिटांत! त्यांच्या पाण्याच्या टाकीची कहाणी ते स्वतः अर्धा तास सांगत होते. तर आता एकदाच सगळं लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं तर हे कागद हातात देईन आणि माझ्या भेगा भरत बसेन.

आमचं घर गोराईत. आम्ही ख्रिस्ती कोळी. आमची एक होडी आहे, ती बापसाची. लहानपणापासून मी तिच्यावर राबलो, पण खाडीत जाळं टाकलं की मासळीआधी प्लास्टिक वर येऊ लागलं, आणि एका होडीवर दोन संसार चालेनात. माझं लग्न झालेलं, मुलगी पाळण्यात. गावातल्या एकानं दुबईच्या खाडीतल्या एका गलबतावर जागा आहे म्हणून सांगितलं. लाकडी गलबत, कच्छकडे बांधलेलं. मला वाटलं, लाकूड आहे म्हणजे आपलंच काम आहे. बायको म्हणाली, "जा, पण वर्षाच्या आत ये." मी हो म्हणालो आणि गेलो.

हे गलबत म्हणजे आमच्या होडीसारख्या कितीतरी होड्या पोटात मावतील एवढं मोठं. इंजिन होतं, आणि मधोमध शिडाची काठीही होती. वारा चांगला मिळाला की नाखवा इंजिन बंद करायला लावून शीड उभारायचा. डिझेल वाचवायला, असं तो मालकाला सांगायचा. पण शीड भरलं की त्याचा चेहरा बघितला असता तर खरं कारण कुणालाही कळलं असतं. नाखवा म्हणजे आमचा कप्तान, कच्छी म्हातारा. हे गलबत त्याच्याच गावच्या किनाऱ्यावर बांधलं गेलं होतं आणि तेव्हा तरुणपणी त्यानं तिथे फळ्या वाहिल्या होत्या. पुढे त्याच गलबतावर खलाशी म्हणून चढला आणि नाखवा झाला. आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, मालवणकडचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणायचा, "ह्या म्हाताऱ्याचा लगीन ह्याच गलबतावांगडा झालेला आसा, घरची बायको नुसती सांगूक." बाकीचे खलाशी नाखव्याच्या गावचे. त्यांचं आपसात कच्छीत चालायचं. माझी दोस्ती भंडाऱ्याशीच.

सुरुवातीला आम्ही इमानेइतबारे व्यापार केला. कांदा, तांदूळ, साखर, टायर, एकदा तर भर उन्हाळ्यात बकऱ्या. लाल समुद्राच्या बाजूला ज्या किनाऱ्यावर आम्ही माल उतरवायचो, तिथे युद्ध चालू होतं. कोण कोणाशी लढतंय हे मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. टीव्ही बघणारे मला समजावून सांगतात. आमच्यापुरतं एवढंच होतं, की एका बाजूला माल उतरवला की दुसरी बाजू चिडायची.

एका सकाळी त्या दुसऱ्या बाजूच्या दोन फायबरच्या बोटी आल्या आणि बंदूकवाले आमच्या गलबतावर चढले. बूट घालून चढले. आम्ही कोळी होडीवर चप्पल घालून पाय ठेवत नाही, आणि कच्छी लोकही नाही. त्यामुळे छातीवर बंदूक रोखलेली असताना नाखव्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "जूते." बंदूकवाल्याला वाटलं म्हातारा शिव्या देतोय. मी घाईघाईनं पायांकडे बोट दाखवून खुणेनं सांगितलं. तो खाली बघून हसला, आणि बूट घालूनच सगळीकडे फिरला.

आम्हाला त्यांनी त्यांच्या एका छोट्या बंदरात नेऊन बांधलं. माल उतरवून घेतला. आमच्या शेजारी एक मोठं लोखंडी मालजहाज उभं होतं, तेही असंच धरून आणलेलं. त्याचे परदेशी खलाशी कठड्याला टेकून दिवसभर पाण्याकडे बघत बसायचे. त्यांच्या दाढ्या फार वाढलेल्या होत्या, त्यावरून इथे किती दिवस काढावे लागतात ते आम्हाला कळलं.

पहाऱ्यावरच्या एका माणसाला आमच्या भंडाऱ्याच्या हातचं कालवण आवडायचं. त्याच्या फोनवरून अधूनमधून घरी बोलायला मिळायचं. बायको सांगायची, की ती आणि बापूस अंधेरीला ज्यानं मला पाठवलं त्या एजंटच्या ऑफिसात खेटे घालतायत, ऑफिसवाले रोज "फाईल वर गेली आहे" म्हणतात, आणि मग एक दिवस सांगितलं की ऑफिसला कुलूपच आहे. ती रडायची नाही. ती सगळं भरभर सांगायची, मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून. एकदा ती म्हणाली, "ती चालायला लागली. आज भिंत सोडून चालली." मी फोन परत दिला आणि गलबताच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. मला घरी जायचं होतं. ह्या सगळ्या हकीकतीत मला दुसरं काहीही नको होतं. हिंमत, शौर्य वगैरे कुणी शोधू नये, मला फक्त घरी जायचं होतं.

आता मुख्य भानगड सांगतो. लाकडी गलबत उभं राहिलं की मरायला लागतं. माल भरून ते पाण्यात खोल बसलेलं असतं तेव्हा फळ्या फुगलेल्या असतात आणि सांधे घट्ट असतात. रिकामं झालं की वर उचललं जातं, वरच्या फळ्या उन्हात वाळतात, आकसतात, आणि दोन फळ्यांमधल्या भेगा उघडायला लागतात. खालच्या सांध्यांत ठोकून भरलेला कापूस कुजतो. तळात पाणी साठतं. आमच्या गोराईत होडी वाळूवर ओढलेली असली तरी सकाळ-संध्याकाळ तिच्या अंगावर खाऱ्या पाण्याच्या बादल्या मारतात, हे मी बोलायला शिकायच्या आधी बघितलेलं. बापूस म्हणायचा, होडी कोरडी ठेवायची ती आतून, बाहेरून कधी नाही.

तर पहिले काही दिवस मी गप्प राहिलो. मग तळातल्या पाण्याचा आवाज माझ्यानं ऐकवेना. गलबत जरा हललं की पोटात खळखळ. ती खळखळ सहन करत बसायला आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. एका सकाळी उठलो आणि बाजूंवर बादल्या मारायला लागलो. नाखवा बघत होता. थोड्या वेळानं तोही बादली घेऊन आला. मग आम्ही एक गादी फाडली, कापूस काढला, त्याचे पिळे केले. पहाऱ्यावरच्या माणसांना मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, काळीज आणून द्यायला सांगितलं, ते भंडाऱ्यानं उकळून तेल काढलं. एवढा घाण वास सुटला की पहाऱ्यावरचे धक्क्यावर पळाले. कापूस तेलात बुडवायचा, सांध्यात बोथट छिन्नीनं ठोकून बसवायचा, वरून राळ लावायची. दिवसभर ठकठक. हात कामाला लागले की डोकं जरा गप्प बसायचं. महिन्याभरात तळ एवढा कोरडा झाला, की भंडारी म्हणाला, हयसर आता चटणी वाटून घे.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. शेजारच्या लोखंडी जहाजावर गंजाचे पोपडे खाली पडत होते, त्यांचं इंजिन केव्हाच बंद पडलेलं, आणि आम्ही इकडे पकडलेल्या गलबताची सेवा करत होतो, जशी घरच्या होडीची करतात.

मग त्यांचा साहेब आला. डोंगराकडचा माणूस, समुद्राची त्याला भीती वाटायची, फळीवरून चालताना दोन्ही हात पसरून चालायचा. त्यानं तळात वाकून बघितलं, बोट फिरवलं, कोरडं बोट वर धरून बाकीच्यांना दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या गलबतावर पिठाच्या गोण्या चढल्या, चार बंदूकवाले चढले, आणि आम्हाला सांगितलं, चला.

अशी त्या गलबताची दुसरी नोकरी लागली. आधी नुसतं पीठ, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात. मग गलबताचा निळा रंग खरवडून राखाडी दिला, मागचं नाव पुसून तिथे दुसरं लिहिलं, त्यांच्या लिपीत. नाखव्यानं ते कधी वाचून घेतलं नाही. मग डिझेलचे कॅन आले. त्या दिवसांत भंडाऱ्याला चूल पेटवायची बंदी होती, आम्ही भिजवलेले चणे खाऊन राहायचो. मग एका बेटावरच्या त्यांच्या लोकांना प्यायचं पाणी. मग परतीला त्याच बेटावरून जखमी. त्या फेऱ्यांबद्दल मी बायकोलाही सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की माझ्या मुलीच्या हातापेक्षा थोडेच मोठे हात होते काहींचे, आणि ते आमच्या फळ्यांना धरून बसायचे.

माल उतरवला की आम्ही पुन्हा सांधे बघायचो, कापूस ठोकायचो, बादल्या मारायचो. शीड फाटलं तर शिवायचो. माणूस सवयीचा कसा गुलाम असतो बघा. आमच्यावर बंदूक रोखणाऱ्यांसाठी आम्ही गलबत तेलपाणी करून तयार ठेवत होतो, आणि काम नीट झालं की नाखवा माझ्या पाठीवर थाप मारायचा, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटायचं.

एकदा आम्ही पाण्याची फेरी करून बंदरात परत आलो, तर शेजारचं लोखंडी जहाज रिकामं. कठड्यावर कुणी नाही. मला वाटलं मारून टाकले. मी पहाऱ्यावरच्या त्या कालवणवाल्या माणसाला विचारलं. तो हात झटकून म्हणाला, गेले, घरी गेले. जहाज निकामी, इंजिन नाही, तळाला भोक, उपयोग काय? खायला कोण घालणार? शेजारच्या देशात नेऊन सोडले, तिथून विमानानं पाठवले.

मी ते येऊन सांगितलं. भंडारी कांदा चिरत होता. त्यानं चिरणं थांबवलं नाही, वरही बघितलं नाही, एवढंच म्हणाला, "तेंचा जहाज कुसला म्हणान ते सुटले. आमचा तू जित्ता ठेवलंस."

त्याला मी एक कानाखाली मारणार होतो. खरंच हात उचलला होता. मग उचललेला हात कुठे ठेवावा तेच कळेना. खोटं काय बोलला तो? आमच्या बापजाद्यांनी होडी जगवायची शिकवली, ती जगवली की ती आपल्याला जगवते असं शिकवलं, आणि इथे ती जेवढी जगत होती तेवढे आम्ही मरत होतो. असला धडा मला कुणी शिकवलाच नव्हता. त्या दिवसापासून मी छिन्नी हातात घेतली नाही. पण आता उशीर झाला होता. सगळे सांधे माझ्याच हातचे होते, आणि माझ्या हातचं काम लवकर सुटत नाही.

त्यानंतर एक दिवस त्यांनी गलबताच्या पुढच्या टोकाला तोफ बसवली. मोठी नव्हती. पण तोफ ती तोफ. वरून विमानं फिरायची, आणि आजवर आम्ही राखाडी रंगाचं मालाचं गलबत होतो म्हणून वाचलो होतो. आता वरून बघणाऱ्याला आम्ही कोण दिसणार, हे सांगायला साहेबाची गरज नव्हती. चार दिवसांनी तोफ घेऊन निघायचं ठरलं. त्याआधी गलबताचा तळ साफ करून घ्या, असा हुकूम आला, कारण शेवाळ आणि कालवं चढून ते फार मंद चाललं होतं.

संध्याकाळी नाखवा माझ्याजवळ येऊन बसला. तो कधी कुणाजवळ येऊन बसायचा नाही, आपणच त्याच्याकडे जायचं असायचं. तो शिडाच्या काठीकडे बघत होता. मग म्हणाला, "तळ साफ करायला वाळूवर ओढू. एक बाजू उघडी पडेल." मी म्हटलं, पडेल. तो म्हणाला, "तूने डाला है. तू ही निकाल."

मला लगेच कळलं, तो सांध्यातल्या कापसाचं बोलत होता. मी म्हटलं, "नाखवा, तुम्ही सांगा, आपण सगळे मिळून करू."

"मेरे से नहीं होगा," तो म्हणाला. "मैं देखूंगा भी नहीं." आणि उठून गेला. मला त्याचा राग आला. गलबत त्याचं, जन्म त्याचा गेला त्याच्यावर, आणि घाण काम माझ्या माथी. पण राग येऊनही मला दुसरा माणूस दिसत नव्हता. कुठला सांधा उघडला तर किती वेळात किती पाणी येईल, हे मलाच माहीत होतं.

तिथे आपल्या खाडीसारखी मोठी भरती-ओहोटी नव्हती. उथळ वाळूवर गलबत ओढून दोर बांधून कलतं केलं, तेव्हा खालची निम्मी बाजू कशीबशी उघडी पडली. बाकीचे कालवं खरवडायला लागले, मुद्दाम जोरात, गाणी म्हणत. पहाऱ्यावरचे सावलीत झोपले. मी तळाच्या फळ्यांशी पाठीवर झोपलो आणि आकडीनं कापूस ओढायला सुरुवात केली. सुरुवात करताना माझा हात आपोआप कपाळाला गेला, छातीला गेला, खांद्यांना गेला. आमच्यात होडीचं काम सुरू करताना क्रूस करतात. मी अर्ध्यात थांबलो. हे कुठल्या कामासाठी करतोय? मग मनात म्हटलं, देवा, तुला सगळं दिसतंयच, आता अर्धवट कशाला, आणि पुरा केला.

कापूस यायला तयार नव्हता. मीच ठोकलेला, तेल पिऊन दगड झालेला. नखं मोडली. एक एक पिळा ओढून काढताना असं वाटत होतं, की आपण कुणाच्या तरी जखमेचे टाके उसवतोय. मला रडू आलं आणि मी रडलो, कुणी बघणारं नव्हतं. मोकळ्या झालेल्या सांध्यात भंडाऱ्यानं मळून दिलेलं पीठ भरलं, साबण घालून मळलेलं, घट्ट. वर राळेचा हात फिरवला. बघणाऱ्याला नवं काम दिसावं असं. भंडाऱ्यानं ते पीठ परातीत असं मनापासून मळलं होतं, जसं काही जेवायला पाहुणे येणार आहेत.

पाणी चढलं, गलबत सरळ झालं, नांगरावर गेलं. साहेब बघून गेला, खूष होता. आम्ही जेवलो. दुसऱ्या दुपारी पिठानं दम सोडला. आधी झिरपल्यासारखं, मग धार, मग तळात अंथरलेल्या सुट्या फळ्या पाण्यावर तरंगायला लागल्या. आम्ही आरडाओरडा केला, पंप लावला, बादल्या मारल्या, सगळं नाटक नीट केलं. बंदूकवाल्यांनी आधी तोफ उतरवली. मग दारूगोळा. मग आम्हाला. गलबत मागच्या बाजूनं हळूहळू बसत गेलं. कललं नाही, उलटलं नाही, भल्या माणसासारखं सरळ बसलं, आणि पाणी उथळ असल्यामुळे शिडाची काठी आणि पुढचं टोक बाहेर राहिलं. नाखवा धक्क्यावर पाठ करून उभा होता. साहेबानं त्याला दोन थोबाडीत मारल्या, ओरडून विचारलं, कसं बुडलं? नाखवा म्हणाला, "लकडी पुरानी है साहब. मैं भी पुराना है." साहेबाला लाकडातलं काही कळत नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो. काही दिवस त्यांनी आम्हाला एका गोदामात ठेवलं. मग त्यांनाही आमचा कंटाळा आला. गलबत नाही, तर खलाशी घेऊन करायचं काय? शेजारच्या देशात नेऊन सोडलं आणि तिथून विमानानं आम्ही मुंबईला आलो.

विमानतळावर नाखव्याला घ्यायला त्याचा मुलगा आला होता. निघताना नाखव्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, तळवे बघितले, आणि सोडून दिले. पाया पडायला मी वाकलो तोवर तो वळला होता. त्यानंतर आमचं बोलणं नाही. भंडारी फोन करतो कधीकधी. त्यानं गावात खानावळ काढली आहे.

बोरिवलीहून फेरीबोटीनं पलीकडे उतरलो तर जेट्टीवर अर्धं गाव. बायकोनं माझा दंड धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. मुलगी तिच्या मागे लपली. तिला मी फोनमधला माणूस म्हणून माहीत होतो, आणि फोनमधला माणूस एवढा मोठा, एवढा काळा असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोन दिवस ती माझ्या जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटातला बोंबील उचलून तिनं खाल्ला आणि मग माझ्याच मांडीवर बसली. मला हवं होतं ते मिळालं. अगदी एवढंच हवं होतं.

गावात मी सगळ्यांना सांगितलं, गलबत जुनं होतं, फुटलं, म्हणून सुटलो. सगळ्यांना पटलं. फादरनी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठेवली. आठवड्यानं बापूस आणि मी दोघंच वाळूवर बसलो होतो, तेव्हा पाण्याकडे बघत त्यानं विचारलं, "कंचा सांधा?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. माझ्या हातचं गलबत आपणहून फुटत नाही, हे गावात त्या एकालाच माहीत होतं. मी म्हटलं, "तळातला."

"दोनी बाजू?"

"एकच. एकच उघडी पडली होती."

"एक पुरते," तो म्हणाला. मग कापूस कसला होता विचारलं, तेल कसलं विचारलं, पीठ किती वेळ टिकलं विचारलं. जसं आजारी माणसाच्या मरणाची चौकशी करतात तसं एकेक. शेवटी म्हणाला, "मना नाय जमला असता." आणि उठून घरी गेला. हे त्यानं शाबासकीनं म्हटलं, की दुसऱ्या कशानं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या जुलैत, मासेमारी बंद असताना, आमची होडी वर ओढली आणि ताडपत्रीखाली तिचं काम काढलं. दरवर्षी तळाचे सांधे माझ्याकडे असायचे, कारण बापसाचे गुडघे गेलेत. मी सकाळी गेलो तर तो आधीच तिथे होता. ओल्या वाळूत गोणपाटावर पाठीवर झोपून, मान वाकडी करून, माझ्या जागी कापूस ठोकत होता. एक एक ठोका द्यायला त्याला वेळ लागत होता. मी खाली वाकून म्हटलं, "बाबा, दे इकडे. मी करतो."

त्यानं छिन्नी दिली नाही, सांधा उसवलेल्या हातात तो ती देणार नव्हता. रागावलाही नाही. खालूनच, माझ्याकडे न बघता, अगदी मायेनं म्हणाला, "तू पोरीला शालेत सोर. त्याच्यासाठीच आलास ना?"

मी घरी आलो. मुलगी रेनकोट घालून दारात उभी होती. मी तिचं दप्तर उचललं आणि आम्ही बालवाडीच्या वाटेला लागलो.